माल तिसऱ्याचा, इंजिन दुसऱ्याचे : १९६२ चा एक उधारीचा सौदा

व्यापारात माल एकाचा, कारागिरी दुसऱ्याची आणि नाव तिसऱ्याचे, हा प्रकार नवा नाही. आमच्या कापडाच्या धंद्यात तर निम्मा कारभार याच पद्धतीने चालतो. सूत एका गावाहून येते, विणकाम भिवंडी-मालेगावच्या मागावर होते, रंगाई-छपाई आणखी कुठेतरी होते आणि ताग्यावर शिक्का मारतो तो व्यापारी, ज्याच्या मालकीचा एकही माग नसतो. सूतवाल्याला तो सांगतो की मागवाला तयार आहे, मागवाल्याला सांगतो की सूत निघाले आहे. दोघेही त्याच्या जबानीवर एतबार ठेवतात. पहिला तागा प्रोसेस हाऊसमधून रंगून, घडी घालून बाहेर येईपर्यंत सगळी तिजारत हवेत असते. त्या एका घटकेला कळते की सौदा खरा होता की नुसत्या गप्पा.

मोटारीच्या धंद्यात अशी घटका येते ती एका गाडीत दुसऱ्याच कंपनीचे इंजिन बसवून पहिल्यांदा सेल्फ मारतात तेव्हा. जगातल्या मोटार व्यवसायात गाजलेला असा प्रसंग फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सांता फे स्प्रिंग्ज या गावातील एका छोट्या वर्कशॉपमध्ये घडला. गाडी इंग्लंडची होती, इंजिन अमेरिकेच्या फोर्ड कंपनीचे होते, आणि ज्याने हा मेळ घातला त्या कॅरोल शेल्बी नावाच्या इसमाकडे ना कारखाना होता ना भांडवल. कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीवर का लिहावे, असे एखादा वाचक विचारील. आमचे उत्तर असे की, हा विषय मोटारीचा असला तरी हिशेब आपल्या ओळखीचा आहे.

कसायाच्या पैशातून उभा राहिलेला कारखाना

प्रथम गाडीवाल्याची हकिकत. लंडनजवळ सरे परगण्यात थेम्स डिटन नावाचे गाव आहे. तेथे एसी कार्स या कंपनीचा कारखाना होता. 'एसी' हे नाव 'ऑटो कॅरिअर' या शब्दांवरून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेलर नावाच्या कारागीर भावांनी जॉन पोर्टवाइन यांच्या पैशाने दुकानदारांचा माल पोहोचवण्यासाठी तीनचाकी गाडी काढली, ती ही ऑटो कॅरिअर. पोर्टवाइन हे व्यवसायाने मांसविक्रेते, म्हणजे आपल्या भाषेत कसाई होते. आमच्या कुरेशी बंधूंनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी, की इंग्लंडची एक नामांकित मोटार कंपनी मटणाच्या दुकानातल्या गल्ल्यातून उभी राहिली आहे.

१९३० मध्ये हा कारखाना हर्लॉक कुटुंबाकडे आला. १९५३ मध्ये त्यांनी 'एस' नावाची दोन आसनी उघडी स्पोर्ट्स गाडी बाजारात आणली. तिची चासी जॉन टोजेरो यांच्या आराखड्यावर बेतलेली होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून घडवलेली ॲल्युमिनियमची बॉडी. वजनाला हलकी, वळणावर पक्की. पण एक उणीव होती. कंपनीचे स्वतःचे दोन लिटरचे इंजिन मूळ १९१९ च्या आराखड्याचे होते. म्हणून १९५६ पासून त्यांनी ब्रिस्टल कंपनीचे इंजिन विकत घेऊन बसवण्यास सुरुवात केली. हे ब्रिस्टलचे इंजिनही मूळचे ब्रिस्टलचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीचे आराखडे इंग्लंडला आले, त्यातून ते निघाले. थोडक्यात, गाडी विकत घेणारा गिऱ्हाईक एसीचे नाव घेत असे, पण तिचे काळीज भाड्याचे होते.

पुढे व्हायचे तेच झाले. १९६१ मध्ये ब्रिस्टलने आपल्या नव्या गाडीत अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे मोठे व्ही-८ इंजिन बसवण्याचे ठरवले आणि स्वतःचे सहा सिलिंडरचे इंजिन आवरते घेतले. एसीच्या हातात सुंदर गाडी राहिली, आत बसवायला इंजिन राहिले नाही. ज्या मागवाल्याने एकाच सूतवाल्यावर भिस्त ठेवली आणि त्या सूतवाल्याने एके दिवशी 'आता हा काउंट आम्ही काढत नाही' असे सांगितले, त्याची जी अवस्था होते तीच हर्लॉक कुटुंबाची झाली. त्यांनी ब्रिटिश फोर्डचे झेफिर गाडीचे इंजिन बसवून पाहिले. ते बसवता यावे म्हणून गाडीचे नाक आणि पुढचा भाग बदलला. अशा गाड्या थोड्याच निघाल्या, पण हा बदल पुढे फार कामाला आला. त्याकडे आपण येऊच.

जबानीवर जबान

कॅरोल शेल्बी हे टेक्सासचे. जन्म १९२३. त्यांनी कोंबड्या पाळण्याचा धंदा केला, पहिल्या खेपेत नफा झाला, दुसऱ्या खेपेत रोग पडून कोंबड्या मेल्या आणि दिवाळे निघाले. मग ते मोटार शर्यतीत उतरले व १९५९ मध्ये फ्रान्सची २४ तासांची ल मान शर्यत रॉय साल्वाडोरी यांच्या जोडीने ॲस्टन मार्टिन गाडीत जिंकले. पण हृदयविकार जडला होता. जिभेखाली गोळी ठेवून शर्यत चालवणारा माणूस किती दिवस चालवणार? १९६० च्या अखेरीस त्यांनी शर्यत सोडली. पोटापाण्यासाठी ड्रायव्हिंगची शाळा आणि शर्यतीच्या टायरची एजन्सी धरली.

सप्टेंबर १९६१ मध्ये त्यांनी एसी कंपनीला हवाई टपालाने पत्र पाठवले. मजकूर साधा होता : तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसेल अशी गाडी करून द्याल काय? हर्लॉक यांनी कळवले की इंजिन योग्य मिळाले तर आमची तयारी आहे. मग शेल्बी प्रथम शेव्हरोलेटकडे गेले. त्यांनी नकार दिला, कारण त्यांची स्वतःची कॉर्व्हेट नावाची स्पोर्ट्स गाडी होती आणि आपल्याच मालाला आपल्याच इंजिनाने शह का द्यावा? धंद्याच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच होते. फोर्डची गोष्ट मात्र उलट होती. त्यांच्याकडे कॉर्व्हेटच्या तोडीची गाडी नव्हती आणि नुकतेच एक नवे इंजिन तयार झाले होते : २२१ घन इंचांचे, म्हणजे ३.६ लिटरचे छोटे व्ही-८. याचे ओतकाम पातळ भिंतीचे होते, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन हलके. फोर्डने दोन इंजिने दिली.

सांगतात की फोर्डच्या लोकांना शेल्बी यांनी गाडी आपल्या हातात असल्याचे भासवले आणि एसीच्या लोकांना फोर्ड आपल्या पाठीशी असल्याचे भासवले. वास्तविक पाहता दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या होत्या. एसीने अट घालून होकार दिला होता, फोर्डने नमुन्यादाखल इंजिने दिली होती. आमच्या बाजारात असे दलाल आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यातले काही बुडतात आणि बुडवतात, काही मोठे होतात. फरक बहुधा एवढाच की वायद्याच्या दिवशी माल हजर होतो की नाही.

आठ तास आणि त्याआधीचे महिने

जानेवारी १९६२ मध्ये थेम्स डिटनच्या कारखान्यात फोर्डचे २२१ चे इंजिन एसीच्या चासीत बसवण्यात आले. या चासीचा नंबर सीएसएक्स २०००. चाचणी झाल्यावर इंजिन व गिअरबॉक्स परत काढून घेतले आणि रिकामी गाडी २ फेब्रुवारी १९६२ रोजी विमानाने लॉस एंजेलिसला रवाना केली. तिकडे शेल्बी यांचे मित्र डीन मून यांचे सांता फे स्प्रिंग्ज येथे वर्कशॉप होते. गाडी तेथे आणून फोर्डचे आता थोडे मोठे झालेले २६० घन इंचांचे, म्हणजे ४.२ लिटरचे इंजिन आणि बोर्ग-वॉर्नरचा चार गिअरचा गिअरबॉक्स तिच्यात बसवला. हे सारे काम आठ तासांच्या आत झाले आणि गाडी लगेच रस्त्यावर काढून चालवली. बॉडीला अजून रंगही नव्हता, उघडे ॲल्युमिनियम होते.

हे आठ तास अमेरिकेत फार रंगवून सांगितले जातात. आमचे मत जरा वेगळे आहे. आठ तासांत इंजिन बसते ते आठ तासांच्या मेहनतीने नव्हे. झेफिरचे इंजिन बसवण्यासाठी एसीच्या लोकांनी गाडीचा पुढचा भाग आधीच मोकळा केला होता. व्ही-८ ची ताकद मागच्या चाकांपर्यंत जायची तर जुने डिफरन्सियल टिकणार नाही हे ओळखून त्यांनी सॅल्सबरी कंपनीचे मजबूत डिफरन्सियल घातले होते, जे जग्वारच्या ई-टाइप गाडीत होते. माउंटिंग कुठे येणार, सायलेन्सरचे नळ स्टिअरिंगला लागतील काय, ही सगळी डोकेदुखी इंग्लंडमध्ये एकदा इंजिन बसवून आणि काढून झाली होती. म्हणजे कॅलिफोर्नियातले आठ तास हे वास्तविक थेम्स डिटनच्या कारीगरांच्या कित्येक महिन्यांचे फळ होते. लग्नात शेरवानी सगळे पाहतात, ज्या शिंप्याने तीन वेळा माप घेतले त्याचे नाव कोणी विचारत नाही.

पहिल्यांदा सेल्फ मारताना

आता मुद्द्याची गोष्ट. नव्या जागी बसवलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करणे म्हणजे किल्ली फिरवणे एवढेच नव्हे. ज्यांची गॅरेजे आहेत ते हे जाणतातच, पण पैसा लावणाऱ्यानेही हे समजून घेतले पाहिजे, कारण या दोन मिनिटांत कित्येक महिन्यांचा खर्च राख होऊ शकतो.

पहिली फिकीर ऑइलची. बराच काळ बंद असलेल्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये ऑइल नसते, ते सगळे खाली चेंबरमध्ये बसलेले असते. तसेच सुरू केले तर पहिल्या काही क्षणांत लोखंडावर लोखंड घासते. फोर्डच्या या इंजिनात एक सोय आहे. ऑइल पंप हा डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या षटकोनी दांड्याने फिरतो. त्यामुळे उस्ताद लोक डिस्ट्रिब्युटर वर काढून घेतात, तो दांडा ड्रिल मशीनने घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवतात आणि इंजिन न फिरवताच ऑइलचे प्रेशर चढवतात. घड्याळात काटा वर चढला, वर टॅपेटच्या रॉकरपर्यंत ऑइल पोहोचले, की मगच डिस्ट्रिब्युटर जागेवर बसवायचा. ज्या इंजिनात ही सोय नाही त्यात सगळे स्पार्क प्लग काढून सेल्फने इंजिन रिकामे फिरवतात. प्लग काढल्यामुळे कॉम्प्रेशन नसते, बेअरिंगवर भार येत नाही.

दुसरी गोष्ट फायरिंगच्या क्रमाची. आठ सिलिंडर एकामागून एक पेटत नाहीत. फोर्डच्या या इंजिनात क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा आहे. त्यातही गंमत अशी की फोर्ड एका बाजूचे चार सिलिंडर १ ते ४ आणि दुसऱ्या बाजूचे ५ ते ८ असे मोजते, तर शेव्हरोलेट एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम आकडे देते. ज्याचा हात एकाच कंपनीच्या इंजिनावर बसला आहे तो दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला वायरी उलटसुलट जोडू शकतो. डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा चुकून बसला तर आणखी कठीण. पहिला सिलिंडर वर आला आहे एवढे पाहून भागत नाही, तो कॉम्प्रेशनच्या धक्क्यावर वर आला आहे की सायलेन्सरकडे धूर टाकताना वर आला आहे हे पाहावे लागते. चुकले तर गाडी सुरू होण्याऐवजी कार्ब्युरेटरमधून भडका मारते. म्हणून शहाणा कारीगर पहिल्या सेल्फच्या वेळी वाळूची बादली आणि आग विझवण्याचे नळकांडे जवळ ठेवतो, पेट्रोलचे सर्व जोड फडक्याने पुसून गळती पाहतो आणि बघ्यांना चार पावले मागे उभे करतो. बघे हे प्रत्येक देशात असतात.

इंजिन पेटल्यावर खुशीने टाळ्या वाजवायची वेळ अजून आलेली नसते. सर्वप्रथम नजर ऑइल प्रेशरच्या घड्याळावर. काही सेकंदांत काटा वर आला नाही तर इंजिन तत्काळ बंद करायचे, कारण शोधायचे. त्यानंतर पाणी. इंजिन बदलताना रेडिएटर बहुधा जुन्याच मापाचा राहतो, नळ्यांची वळणे बदललेली असतात, आत हवा अडकते आणि घड्याळ थंड दाखवत असताना इंजिनाचे डोके तापलेले असते. जुन्या बनावटीच्या सपाट टॅपेटच्या इंजिनात नवा कॅम टाकला असेल तर आणखी एक बंधन असते. ते संथ चालू ठेवायचे नाही. सुरू झाल्याबरोबर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास न्यायचे आणि सुमारे २० मिनिटे त्याच्या खाली येऊ द्यायचे नाही. कॅम आणि टॅपेट यांची एकमेकांशी घडी याच वीस मिनिटांत बसते, कारण कॅमवर ऑइल उडते ते क्रँकच्या फेऱ्यांनी. संथ चालवले तर कॅमचा उंचवटा झिजून जातो आणि सगळे काम पुन्हा काढावे लागते. आजकालच्या ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी केलेले आहे, म्हणून जुन्या इंजिनासाठी वेगळे ऑइल किंवा त्यात घालायचे वेगळे द्रव्य विकत घ्यावे लागते. वीस मिनिटांनंतर ते ऑइल काढून टाकायचे. त्यात चमकणारा बारीक चुरा दिसतो, तो थोडा असेल तर ठीक, जास्त असेल तर अल्लाह मालिक.

एवढे झाल्यावर क्लच दाबून गिअर पडतो का, गाडी हलते का, ब्रेक लागतात का, हे पाहायचे. पैसा देणारा माणूस मात्र आवाज ऐकताच खूश होऊन बिल चुकते करतो. आमचा सल्ला असा की, ऑइल बदलून दुसऱ्या दिवशी थंड इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवावा.

एक गाडी, अनेक रंग

शेल्बी यांनी या गाडीचे नाव 'कोब्रा' ठेवले. स्वप्नात हे नाव दिसले असे ते सांगत. एप्रिल १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनासाठी डीन जेफ्रीज यांच्याकडून ती पिवळ्या रंगात रंगवून घेतली व फोर्डच्या जागेवर मांडली. किंमत ठरली ५,९९५ डॉलर. ऑर्डर येऊ लागल्या, आणि गाडी मात्र एकच होती. मोटारीच्या मासिकांना चाचणीसाठी गाडी द्यायची तर तीच एक. तेव्हा दर वेळी रंग बदलून ती दिली गेली, जेणेकरून वाचकांना वाटावे की कारखान्यातून गाड्या भराभर निघत आहेत. ही हकिकत पुढे खुद्द शेल्बी यांच्या गोटातूनच मोठ्या कौतुकाने सांगितली गेली.

आमच्या वाचकांपैकी व्यापारी मंडळींनी येथे थोडे थांबावे. नमुना दाखवून ऑर्डर घेणे यात गैर काही नाही. कारागिराला माल घडवण्याची ऑर्डर द्यायची, माप, जात, दर आधी ठरवायचा आणि माल नंतर घ्यायचा, याला फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात व हनफी उलमांनी तो जायज ठरवला आहे. एसीने शेल्बीसाठी गाड्या करणे आणि शेल्बीने गिऱ्हाइकाची ऑर्डर घेणे हा याच जातीचा व्यवहार. पण एक गाडी रंग बदलून पाच म्हणून मिरवणे ही वेगळी गोष्ट आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आतली ओल बाहेर काढली आणि विक्रेत्याला खडसावले, ही हदीस प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. ओल धान्यात असो की रंगात. कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाचे नुकसान काय झाले? ज्याने पैसे मोजले त्याला गाडी मिळाली. हे खरे. परंतु एसीच्या कारखान्यात एक संप झाला असता, फोर्डचा एक अधिकारी बदलला असता, तर त्या ऑर्डरींचे काय झाले असते? साठा असल्याचा भास ज्याच्या जिवावर निर्माण केला, तो धोका गिऱ्हाइकाच्या गळ्यात होता आणि गिऱ्हाइकाला त्याची खबर नव्हती. सौदा निभावला म्हणून तो तेव्हा खरा होता असे आम्ही मानत नाही.

आणि गाडीही पूर्ण तयार नव्हतीच. ऑक्टोबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे कोब्रा पहिल्यांदा शर्यतीत उतरली. बिल क्राऊस चालवत होते, कॉर्व्हेटच्या पुढे होते, आणि मागच्या चाकाचा हब मोडला. इंजिनाने दगा दिला नाही, ज्या भागाकडे कोणाचे लक्ष नव्हते त्याने दिला. जुन्या १२०-१२५ अश्वशक्तीच्या इंजिनासाठी पुरेसा असलेला हब २६० अश्वशक्तीला पुरला नाही. हब अधिक मजबूत करण्यात आले आणि जानेवारी १९६३ मध्ये त्याच रिव्हरसाइडला डेव्ह मॅकडॉनल्ड पहिले व केन माइल्स दुसरे आले. पुढे इंजिन ४.७ लिटरचे झाले, स्टिअरिंग बदलले, आणि १९६५ मध्ये जीटी गाड्यांचे जागतिक अजिंक्यपद फेरारीच्या हातून कोब्राने घेतले. एसीच्या कारखान्याला काही वर्षे भरपूर काम मिळाले. गिऱ्हाईक मात्र त्या गाडीला शेल्बीची किंवा फोर्डची म्हणून ओळखू लागला. माल विणणाऱ्याचे नाव ताग्यावरून पुसले जाते, हे आम्हाला नवे नाही.

टायगरची गत

याच फोर्ड इंजिनाची आणखी एक हकिकत सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. इंग्लंडच्या रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन ही छोटी स्पोर्ट्स गाडी होती. तिच्यातही हेच २६० घन इंचांचे इंजिन बसवून पाहण्याचे काम १९६३ मध्ये शेल्बी यांच्याकडे देण्यात आले, ठरलेली रक्कम १०,००० डॉलर. जागा इतकी तंग होती की एक स्पार्क प्लग गाडीच्या आतून, पाय ठेवण्याच्या जागेतल्या भोकातून काढावा लागे. १९६४ मध्ये ही गाडी 'सनबीम टायगर' या नावाने विक्रीस आली व चांगली चालली. पण त्याच वर्षी क्रायस्लरने रूट्समध्ये भाग खरेदी केला आणि १९६७ मध्ये कंपनी पूर्ण ताब्यात घेतली. आता क्रायस्लरच्या दुकानात फोर्डच्या काळजाची गाडी कशी विकायची? क्रायस्लरचे स्वतःचे व्ही-८ इंजिन बसवण्याचा विचार झाला, परंतु त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला आणि जागा नाही. १९६७ मध्ये टायगर बंद झाली. सुमारे ७,००० गाड्या निघाल्या होत्या, मागणी होती, कारीगर होते, मालात खोट नव्हती. कोब्राच्या सौद्यात इंजिनवाल्याला गाडी हवी होती, येथे गाडीवाल्याच्या मालकाला ते इंजिन नको झाले.

आपल्याकडील गॅरेजवाल्यांसाठी

आपल्याकडे इंजिन बदलण्याचे काम शौकापेक्षा पेट्रोलच्या दरातून वाढले. १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनंतर मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांतून पेट्रोलची इंजिने काढून डिझेलची बसवण्यात आली, ॲम्बेसेडरमध्येही तोच प्रकार झाला. या कामात आपल्या समाजातील कित्येक उस्तादांनी नाव कमावले. शाळेचे तोंड न पाहिलेले हे लोक कानाने टायमिंग लावत. त्यांचे शागीर्द आजही गॅरेजे चालवतात, आणि हल्ली जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडून त्यांना काम येते.

परंतु कायदा आता पूर्वीसारखा ढिला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावावे असाच निर्णय दिला. सीएनजी किंवा विजेवर गाडी करण्यासाठी मान्यताप्राप्त किटची वेगळी तरतूद आहे, तिच्या अटी वेगळ्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षे, आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

याचा बाजारावर परिणाम होणे साहजिक आहे. कालपर्यंत ज्या गाडीतले जुने पेट्रोल इंजिन भंगारात तोलून विकले जात होते, त्याच गाडीचा मालक आता मूळ इंजिनाच्या शोधात फिरतो. सीएसएक्स २००० ही पहिली कोब्रा शेल्बी यांनी कधी विकली नाही. मे २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात ती १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली, त्या वेळच्या दराने सुमारे ९२ कोटी रुपये. तेव्हा ज्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एखादे जुने इंजिन ताडपत्रीखाली पडले असेल, त्यांनी त्याचा ब्लॉक नंबर साफ करून आरसी बुकाशी ताडून पाहावा. भंगारवाल्याला बोलावणे त्यानंतर.